परवाना वहिनींच्या नावावर

"पुन्हा एकदा म्हणून दाखवा," वकील म्हणाला.

"मी आत स्वयंपाकघरात होते. मला काही दिसलं नाही. बारचा सगळा कारभार माझे दीर बघतात."

"आणि चावीवाला?"

सुनावणीच्या खोलीबाहेरचा बाक अरुंद होता. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला भाऊजी आणि मध्ये चेपून वहिनी.

"चावीवालाही मारामारीत होता, एवढंच म्हणायचं," भाऊजी म्हणाले. "एका वाक्याचं काम, वहिनी. कांदा चिरताना याच्या दसपट बोलता तुम्ही."

"तो नव्हता मारामारीत."

"नव्हता हे तुम्हाला माहीत, मला माहीत. समितीला कुठं माहीत आहे?"

वकिलाने आवाज खाली आणला. "बाई, नीट ऐका. आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांत अचानक भांडण झालं, तर तो अपघात. पण ज्या माणसाने आधी दोनदा राडा केला, त्यालाच आपण पुन्हा आत घेतलं असं निघालं, तर परवाना गेलाच म्हणून समजा."

हा परवाना वहिनींच्या नावावर होता. नवरा गेला तेव्हा तो त्यांच्या नावावर चढला, कारण तेच सोपं होतं. गल्ल्यावर मात्र भाऊजी बसले. वहिनी आधीही आत तळण करत होत्या, नंतरही तेच करत राहिल्या. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी भाऊजी कागद घेऊन यायचे, वहिनी हात पदराला पुसायच्या आणि भाऊजी बोट ठेवतील तिथं सही करायच्या. "मालकीणबाई," असं म्हणून भाऊजी हसायचे. त्याही हसायच्या. बटाट्याचे काप, उकडलेली अंडी, खारवलेले दाणे हे त्यांचं राज्य आणि भिंतीतली एक छोटी खिडकी ही त्या राज्याची सीमा. बशा तिथून बाहेर जायच्या, उष्टी भांडी तिथूनच आत यायची.

त्या खिडकीतून त्यांना सगळा बार दिसायचा. कंत्राटदार दिसायचा. चार-पाच चेले घेऊन तो यायचा आणि आल्याबरोबर दुसऱ्यांना टेबलावरून उठवायचा. पहिल्यांदा त्याने खुर्ची मोडली, तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा वेटरच्या कानशिलात लगावली, तेव्हा मात्र त्यांनी भाऊजींना आत बोलावलं.

"या माणसाला आत घेऊ नका."

"वहिनी, तो कोपऱ्यातला चावीवाला एका ग्लासावर अख्खी संध्याकाळ काढतो. त्याच्यावर घर चालतं का? घर चालतं ते कंत्राटदारावर. दुभत्या गाईच्या लाथा गोड."

"लाथा वेटर खातो आणि दूध तुम्ही पिता," वहिनी म्हणाल्या खऱ्या. पण म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या.

चावीवाला म्हणजे बाजाराच्या तोंडाशी कुलपं-किल्ल्या करणारा माणूस. दिवसभर कानस घासून बोटं काळी. दुकान बंद करून यायचा, कोपऱ्यातल्या टेबलापाशी भिंतीला टेकून बसायचा. बशी परत द्यायला स्वतः खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, "काप आज फर्मास." रोज हेच. करपलेले असले तरी हेच.

त्या संध्याकाळी कंत्राटदाराच्या माणसांची कुणाशी तरी टीव्हीच्या आवाजावरून जुंपली. कमी कर, नाही करत, एवढंच. बघता बघता टेबलं आडवी झाली. टेबलाच्या कडेवर फोडलेली बाटली कंत्राटदाराने समोरच्यावर फेकली. समोरचा वाकला. कोपऱ्यातला चावीवाला तेव्हा गडबडीतून निघावं म्हणून नुकता उठत होता.

वहिनी ओला टॉवेल घेऊन धावल्या. जमिनीवर बसून त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एक डोळा काचेने फुटला होता, दुसरा रक्ताने भरला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "लाइट गेली का?"

सगळे दिवे चालू होते.

पुढे एक डोळा वाचला. वहिनी इस्पितळात गेल्या, तर त्याच्या बायकोने दारातूनच परत पाठवलं. "तुमच्याकडून काही नको. सहानुभूतीसुद्धा नको." यात चुकीचं काय होतं?

आता शिपायाने नाव पुकारलं. परवानाधारक म्हणून वहिनींचंच.

आत लांब टेबलामागे समितीची तीन माणसं होती. मध्ये अध्यक्षबाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या. पोलीस अधिकाऱ्याने अहवाल वाचला आणि परवाना रद्द करावा अशी मागणी केली. मग वकील उठला. गोड बोलला. दुर्दैवी प्रसंग, अचानक उसळलेलं भांडण, माझी अशील एक विधवा स्त्री, पोट हातावर. शेवटी म्हणाला, "जखमी गृहस्थसुद्धा त्या भांडणात सामील होते, हेही समितीने ध्यानात घ्यावं."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. वहिनींनी वळून पाहिलं. चावीवाला आला होता. डोळ्यावर पांढरी पट्टी, शेजारी बायको. तो उठला नाही, ओरडला नाही. त्याने फक्त मान खाली घातली, जणू गुन्हा त्यानेच केला होता. ते वहिनींना बघवलं नाही.

"खोटं आहे ते," त्या म्हणाल्या.

वकील चपापला. "माझ्या अशिलांना नीट आठवत नसावं..."

"सगळं आठवतंय. परवाना माझ्या नावावर आहे ना? मग मलाच बोलू द्या."

अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर घेतला. "बोला."

वहिनी काही धड बोलल्या नाहीत. आधीचं नंतर, नंतरचं आधी, मध्येच "नाही, थांबा, चुकलं," असं करत त्यांनी सांगितलं. खुर्ची सांगितली, वेटरला मारलेली थप्पड सांगितली, बाटली कुणी फेकली तेही नाव घेऊन सांगितलं. चावीवाला उठून निघाला होता, त्याने कुणाला बोटसुद्धा लावलं नाही, हे दोनदा सांगितलं. भाऊजींनी मागून "वहिनी!" म्हटलं, तेव्हाही त्या थांबल्या नाहीत.

"तुम्ही जे सांगताय ते तुमच्याच विरुद्ध जातंय, हे कळतंय का तुम्हाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कळतंय."

"मग हा परवाना आम्ही का ठेवावा?"

"ठेवावा की नाही, ते तुम्ही ठरवा," वहिनी म्हणाल्या. "पण ठेवलात तर माझ्याकडे ठेवा. आजवर तो नुसता माझ्या नावावर होता."

"तुमच्याकडे ठेवला तर काय वेगळं होईल?"

"कंत्राटदार आत येणार नाही."

"त्याला अडवणार कोण?"

"मी."

पोलीस अधिकाऱ्याला हसू आवरलं नाही. वहिनी त्याच्याकडे वळल्या. "हसा साहेब. मीही हसलेच असते. पण एवढे दिवस अडवणारे पुरुष होते, तेव्हा काय झालं ते तुम्हीच आत्ता वाचून दाखवलंत."

दुपारी निकाल आला. परवाना तीन महिने निलंबित. नंतर बार लवकर बंद करायचा, दाराशी माणूस ठेवायचा, भाऊजींनी गल्ल्यावर बसायचं नाही. पुन्हा काही घडलं, तर परवाना कायमचा रद्द.

पायऱ्या उतरताना भाऊजींनी वहिनींना गाठलं. "घर बुडवलंत, वहिनी. आज दादा असता तर..."

"ते असते तर तुम्ही गल्ल्यावर बसलाच नसता. किल्ल्या द्या."

"काय?"

"बारच्या किल्ल्या."

रस्त्यावरची माणसं बघत होती. वहिनींनी हात पुढे केला होता, तो मागे घेतला नाही. भाऊजींनी जुडगा त्यांच्या हातावर जवळजवळ आपटला.

घरी धाकटी जाऊ दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "माझ्या पोरांनी आता खायचं काय?"

"आजवर खात होती तेच. रांधते मीच ना?"

"तुम्हाला काय, पुढे ना मागे कुणी." जाऊ हे बोलून गेली आणि आत वळली. दोघींच्या लागून असलेल्या घरांमधलं दार त्या दिवशी पलीकडून लागलं. ताटं झाकून वहिनी ती उंबऱ्यावर ठेवत. कधी ती आत घेतली जात, कधी तशीच राहत.

तीन महिने वहिनींनी बारमध्ये दुपारचं जेवण विकलं. वेटरला सोडलं नाही. मोडक्या खुर्च्या जोडून घेतल्या आणि बार पुन्हा उघडला. पहिल्याच आठवड्यात जामिनावर सुटलेला कंत्राटदार चेल्यांसकट हजर झाला. दाराशी ठेवलेला माणूस त्याला बघून बाजूला सरकला. तेव्हा वहिनी हातात झारा घेऊन बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"काय वहिनी, जुनी ओळख विसरलात?"

"ओळख आहे म्हणूनच नाही म्हणते."

"माझ्याशिवाय हा बार कसा चालतो, बघतोच मी."

"बघा की. बाहेरून बघा."

आत कुणीतरी खुदकन हसलं. कंत्राटदाराची मान तापली. तो एक पाऊल पुढे आला. वहिनी दारातून हलल्या नाहीत. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वेटर येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला होता. मग दाराचा माणूसही मुकाट्याने जागेवर परत आला. कंत्राटदार थुंकला आणि निघून गेला.

त्यानंतर तो दोनदा आला, दोनदा परत गेला. त्याच्याबरोबर बरीच गिऱ्हाइकंही गेली. अर्धी टेबलं रिकामी राहू लागली. जावेने अजून दार उघडलं नव्हतं.

एका संध्याकाळी चावीवाला आला. पट्टी निघाली होती. वहिनी गल्ल्यावरून उठल्या.

"बायकोला सांगून आलोय," तो म्हणाला. "कोपरा रिकामा आहे?"

"आहे."

त्यांनी स्वतः ग्लास नेऊन ठेवला. "दुकान कसं चाललंय?"

"तयार कुलपं विकतो. कानस जमत नाही आता. एका डोळ्याने किल्लीचे दात दिसतात, पण किती अंतरावर आहेत ते कळत नाही."

त्याने ग्लासाकडे हात नेला. बोटं अलीकडेच, रिकाम्या हवेत मिटली. शेजारच्या टेबलावरची बोलणी थांबली. वहिनींचा हात ग्लास पुढे सरकवायला निघाला होता. तो त्यांनी पदराखाली घट्ट धरून ठेवला. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे असं काही पाहिलं, की बोलणी पुन्हा सुरू झाली.

चावीवाल्याने तळवा टेबलावर टेकवला. लाकडावरून बोटं हळूहळू पुढे नेत नेत त्याने ग्लास गाठला, उचलला आणि भिंतीला टेकून बसला.