साईप्रियाचा कळस

मी एक जुना सागवानी खेळाचा पट आहे, मित्रांनो. तंजावूरच्या अनिरुद्धरावांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर रंधा मारून, घासून, रंगवून मला घडवलं. माझ्यावर जुन्या राजांच्या काळातलं देवळाचं बांधकाम आहे. खाणीतून दगड काढायचे, हत्ती लावून उतारावरून वर चढवायचे, ज्याचा कळस आधी बसेल तो जिंकला. पाहुणे माझ्यावर हात फिरवून वाहवा करायचे आणि मीही फुशारून जायचो.

एक नियम मात्र अनिरुद्धरावांनी पदरचा घातला. पटावर फक्त मराठी बोलायचं. तमिळ शब्द तोंडातून गेला की रचलेला एक दगड खाली. "आपली भाषा अशीच टिकेल," म्हणायचे. आणि खेळताखेळता स्वतःच बायकोकडे पाणी मागायचे, "कनकलता, तण्णी आण." त्यांच्या तण्णीला दंड नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात साईप्रिया इथे अडकली. बाप मस्कतला. आई तमिळ, तिचं सासऱ्यांशी बिनसलं म्हणून ती ओरत्तनाडूला माहेरी, आणि पोर आजोबांनी ठेवून घेतलेली. तिला मराठी सगळं कळे, बोलताना जीभ अडखळे. रोज एकच विचारायची, आईकडे कधी जायचं?

"मला पटावर हरव. त्याच दिवशी बसने पोचवतो," आजोबा म्हणाले.

बिचारी हरतच राहिली. दगड रचायची, शब्द निसटायचा, दगड खाली. म्हातारा खुदुखुदु हसायचा. मग तिने बोलणंच सोडलं. मुकाट्याने खेळू लागली, आणि काय खेळली म्हणून सांगू! एका दुपारी आजोबांचे दोन्ही हत्ती तिने आधीच अडवले. त्यांचे शेवटचे दगड खाणीतच पडून राहिले, त्यांना घाम फुटला. तिचा शेवटचा दगड बसला. कळस उचलला आणि आनंदाने तिच्या तोंडून निघालं, "अम्मा."

आजोबांनी तिचा वरचा दगड काढून घेतला. "मराठीत आई म्हणतात."

"अहो, पोर आईला हाक मारतेय," कनकलताबाई म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम."

दगडावाचून कळस बसेना. ती नवा दगड आणेपर्यंत हत्ती सुटले, आणि आजोबांनी आपला कळस चढवला.

"आजोबा, बस?" तिने विचारलं.

"हरलीस ना? शाळा सुरू झाली की इथेच नाव घालू."

संध्याकाळी त्यांनी मला मऊ फडक्याने पुसलं, खोबरेल चोळलं, कुठे ओरखडा तर नाही ना म्हणून खिडकीशी धरून पाहिलं. पोर शेजारीच हुंदके देत होती, तिच्याकडे मान वळवली नाही. मला माझ्या सागवानाची लाज वाटली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला खुशाल चुलीत घाला. पण ओरत्तनाडूची बस रोज सुटते. कुणीतरी त्या पोरीला तिच्यात बसवून द्या.