बिनपट्टीचा पाना

सही मी केली होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको.

विमान जुनं, लढाऊ, वयाने भाऊजींहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. आम्हाला मिळालं तेव्हा त्याच्या शेपटीत कबुतरं नांदत होती. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी आणि मी अकरा वर्षं त्या विमानात घातली, माझे गुडघेही त्यातच गेले. भाऊजींनी तरुणपणी याच जातीची विमानं उडवलेली, त्यामुळे उडवणार ते आणि ग्रीसमध्ये लोळणार मी, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. चाचणीची चार उड्डाणं झाली, तीही बघायला कुत्रं नसताना. लोकांसमोर उडायचं ते आजच्या हवाई प्रदर्शनात, आणि एकदाच. येत्या बुधवारी भाऊजींना सत्तर पूर्ण होतात, त्यानंतर विमा कंपनी त्यांना या विमानात बसू देणार नाही.

आमच्या शेडमध्ये एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढली आहे, आणि हत्यार त्या आकृतीवरच टांगायचं. घरचं-दारचं मिसळू नये म्हणून फळीवरच्या प्रत्येक हत्याराला लाल पट्टी. उड्डाणाआधी मी तिच्यासमोर उभा राहतो, एकही आकृती रिकामी नाही हे बघतो आणि मगच 'उडायला हरकत नाही' अशी सही करतो. कारण जागेवर नसलेला पाना विमानाच्या पोटात पडलेला असू शकतो. वर गेल्यावर तो कंट्रोलच्या दांड्यांत अडकला, तर काय झालं ते सांगायला वैमानिक उरत नाही.

सकाळी फळी भरलेली होती. मी सही केली, भाऊजी चढले, आणि मी टोपी घ्यायला शेडमध्ये परत आलो. टोपी फळीच्या कोपऱ्यातल्या खिळ्याला. हात वर केला आणि शेजारच्या दहा नंबरच्या पान्याकडे लक्ष गेलं. त्याला पट्टी नव्हती.

तो माझा घरचा पाना. मंगळवारी आमचा सापडेना आणि काम अडलं, म्हणून मी घरून आणला होता. संध्याकाळी ती रिकामी आकृती डोळ्यांत खुपायला लागली, तेव्हा तोच तिथे टांगला. उद्या शोधू म्हटलं आणि साफ विसरलो. मी ताकही फुंकून पिणारा माणूस, आणि फळीवरची रिकामी जागा मीच बुजवली होती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार दमल्यासारखं झालं. वाटलं, टोपी घालावी आणि गप्प बसावं. पाना विमानातच असेल असं कोणी सांगितलंय? बाहेर इंजिन सुरू झालं होतं, शेडचे पत्रे थरथरत होते. कुंपणाशी ताई पहिल्या रांगेत उभी होती, गळ्यात भाऊजींची जुनी दुर्बीण.

मी धावलो. म्हणजे या गुडघ्यांनी जे काही होतं ते केलं. विमानासमोर जाऊन डोक्यावर दोन्ही हातांची फुली धरली. भाऊजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"दहाचा पाना नाही," मी शिडीवर चढून सांगितलं. "तुम्ही घेतला होता का?"

"मी कशाला घेऊ तुझा पाना?"

"मग तो सापडेपर्यंत माझी सही मागे."

"बरं. शोध." ते पट्टे सोडायला लागले. बोटं सावकाश चालत होती.

भोंग्यावरून 'तांत्रिक कारण' सांगितलं गेलं. आयोजक येऊन म्हणाला, "अर्धा तास देतो, नाहीतर तुमची वेळ गेली." उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं. आम्ही सीट बाहेर काढली, एकेक झाकण उघडलं. भाऊजी स्वतः टॉर्च घेऊन पालथे पडले. अर्धा तास गेला, मग दुपार गेली, गर्दी पांगली. पाना नाही. शेवटी भाऊजींनी हेल्मेट पिशवीत घातलं, चेन लावली आणि ताईबरोबर घरी गेले. मी झाकणं लावत मागे राहिलो.

नंतर त्यांच्या घरी गेलो तो आधी हात धुवायला स्वयंपाकघरात. नळ टपटप गळत होता. साबण घ्यायला सिंकखालचं दार उघडलं, तर आत फडक्यावर पाना. दहा नंबरचा, लाल पट्टीचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तो होय," ताई म्हणाली. "सोमवारी नळ आवळायला आणला होता यांनी. उद्या परत नेतो म्हणाले. हल्ली विसरतात रे. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"त्यांना सांगू नकोस," मी म्हटलं.

भाऊजी बाहेरच्या खोलीत बसले होते, अजून उड्डाणाच्याच कपड्यांत. "सापडला?"

"सापडला." मी पाना दाखवला. "डाव्या पंखाच्या मुळाशी होता. दांड्यांच्या अगदी जवळ."

अकरा वर्षांत हत्याराबद्दल मी बोललेलं हे पहिलं खोटं.

ते लाल पट्टीकडे बघत राहिले. मग खुर्चीत जरा सैल बसले. "म्हणजे वर गेलो असतो तर..."

"हो."

"बरं केलंस. दिवसभर मनातल्या मनात तुला शिव्या घालत होतो." ते हसले, आज पहिल्यांदाच. कपातला गार झालेला चहा त्यांनी एका दमात संपवला. मला हायसं वाटलं.

आत नळ टपटपत होता. भाऊजींनी कान दिला. "परत गळायला लागला वाटतं. आण तो पाना इकडे. सोमवारी मी त्यानेच तर..."

हात पुढे होता. त्यांची नजर पान्यावरून माझ्याकडे आली.

ताई दारात उभी होती. भाऊजींनी हात मागे घेतला नाही, म्हणून मी पाना त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी लाल पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"टॉर्च धर," ते म्हणाले.

आम्ही आत गेलो. ते गुडघ्यांवर बसून सिंकखाली वाकले आणि सावकाश नट आवळत राहिले. फार वेळ लागला. मी टॉर्च धरून उभा होतो.

"थांबलं का बघ," आतून त्यांचा आवाज आला.

"थांबलं," मी म्हणालो. खरंच थांबलं होतं.