साहेबांच्या संडासाचं कुलूप

मी कुलूप बोलतंय. पितळी, सात लिव्हरचं, अलिगढला घडलेलं. नंदुरबारच्या दुकानात टांगलेलं असताना वाटायचं, आपण कुणाची तरी तिजोरी राखणार. नशिबी आला ग्रामपंचायतीचा संडास.

संडास नवा, पांढऱ्या फरशीचा. पाहणीला साहेब येतील तेव्हा तो चकाचक दिसावा म्हणून ग्रामसेवकांनी मला दाराला ठोकलं. साहेब वर्षातून दोनदा यायचे, फोटो काढून जायचे. एरवी पुरुष मंडळी मागच्या भिंतीशी उभी राहायची आणि चावी शिपाई रेवजीच्या खिशात गावभर हिंडायची.

कार्यालयात बाई एकच, संगणकावर काम करणारी कोकिळा. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं. या आजारात मेंदूचे निरोप मूत्राशयापर्यंत धड पोचत नाहीत. लघवीची घाई एकदम लागते, आवरता येत नाही. कधी कधी बसूनही पुरती होत नाही. तिचा तोलही जायचा, त्यामुळे घर गाठणं अशक्य. रेवजी सापडेपर्यंत ती माझ्यासमोर भिंत धरून उभी राहायची. मला माझीच किळस यायची.

पाणी कमी पीत जा, असा ग्रामसेवकांनी सल्ला दिला. तिने बिचारीने ऐकला. लघवीत जंतुसंसर्ग होऊन ताप चढला, पाय आणखी लटपटायला लागले. मोठे आले डॉक्टर!

मग एका सोमवारी रेवजी चावीसकट सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेला. कोकिळा कशीबशी माझ्यापर्यंत आली आणि दारातच तिची साडी भिजली. कार्यालयात कुणीतरी हसलं. कोण, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून खलबत्त्यातला बत्ता आणला. सगळ्यांदेखत म्हणाली, "माले थांबता येत नही. हाऊ आजार शे, मन्ही चूक नही." दोन घाव हुकले. तिसऱ्याला, खरं सांगतं, मीच सुटलं.

आता मी पुरावा म्हणून कपाटात पडून आहे. सरकारी मालमत्ता फोडली, कामावरून का काढू नये, अशी तिला नोटीस दिलीय. आज त्यावर बैठक आहे. माझंही म्हणणं लिहून घ्या. मला त्या दारावर कुणी चढवलं आणि कुणासाठी, ते आधी कागदावर येऊ द्या. आणि ते लिहून होईपर्यंत तुमच्यातल्या एकानेही लघवीला उठायचं नाही.