चार वाजता घ्यायची नावं

मित्रांनो, जुनी झाले असले तरी मी पेटी आहे, भंगार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली या अडगळीत जो येतो तो मला पायानं सरकवून पुढे जातो. मी अस्सल सागवानी आहे. माझ्या झाकणाला घडी घातलेली चिठ्ठी आत जाईल एवढी फट आहे, आणि माझ्या पोटात उभ्या आयुष्यात चिठ्ठ्यांशिवाय काही पडलं नाही.

मला मारोतराव मिस्त्रींनी १९६८ साली नागपुरात घडवलं. ते बौद्ध, आणि प्रार्थनेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांची आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात शेवटच्या दुखण्यानं पडली होती, तेव्हा सोबत मंडळाची माणसं आळीपाळीनं तिच्या उशाशी बसली होती. मला पोचवायला आले तेव्हा ते मंडळातल्या सुमतीबाईंना म्हणाले, "देवगिव मी मानत नाही, बाई. पण माह्या मायपाशी तुम्ही बसल्या, म्हणून हे करून देऊन राहिलो."

सोबत मंडळ म्हणजे फार मोठं काही समजू नका. चार-पाच ख्रिस्ती माणसं आणि धंतोलीतल्या गल्लीत भाड्याची एक खोली. अख्ख्या विदर्भातून रोगी तिथल्या दवाखान्यांत येत. ज्याच्यापाशी कोणी नसे त्याच्याजवळ ही माणसं बसत, पेज पाजत, गावी पत्र लिहीत. जात विचारत नसत आणि धर्माची गोष्टही काढत नसत. सुमतीबाई निवृत्त नर्स. मनानं लोणी, पण जिभेला अशी धार की डॉक्टरसुद्धा वाट सोडत. बाबाराव पोस्टातून निवृत्त झालेले, मोत्यासारख्या अक्षराचे आणि सगळ्यांशी मवाळ.

रोज चार वाजता सुमतीबाई माझ्यातल्या चिठ्ठ्या काढून एकेक नाव मोठ्यानं घेत. बाकीचे "प्रभू, सांभाळ" म्हणत. मग चिठ्ठ्या परत माझ्यात. रोगी बरा झाला तर त्याची चिठ्ठी त्याच्या हातात देत. दगावला तर शेगडीत टाकत. मात्र त्याआधी मंडळातल्या कोणीतरी त्याचा चेहरा डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे, असा नियम होता. हे काम बाबारावांकडे होतं.

आता जे सांगते ते हसण्यावारी नेऊ नका. जिवंत माणसाच्या नावाला वजन असतं. कागद चिटोराभर असेल, पण नाव माझ्या तळाला जाणवतं. माणूस गेला की चिठ्ठी तिथेच असते आणि तेवढी जागा हलकी होते. निरोप घेऊन कोणी येण्याआधी मला कळलेलं असायचं, आणि मला तोंड नव्हतं. फार भीती वाटायची मला त्याची.

१९७४च्या पावसाळ्यात भागीरथा नावाची बाई उमरेडच्या पलीकडच्या खेड्यातून नवऱ्याला घेऊन आली. चंद्रभान त्याचं नाव. ताप मेंदूत चढलेला आणि शुद्ध अशी नाहीच. तिचे स्वतःचे दिवस भरत आले होते, आणि घरी म्हातारा सासरा तेवढा. दवाखान्यात बाळंत होण्यापेक्षा घरी जा, असं सगळ्यांनी तिला समजावलं. जाण्याआधी ती आमच्या खोलीत आली. सुमतीबाईंनी चिठ्ठी लिहिली, ती तिनं स्वतःच्या हातानं माझ्यात टाकली आणि झाकणावर तळहात ठेवून उभी राहिली.

"मी येतपर्यंत त्यायचं नाव रोज घ्याल ना, बाई?" तिनं विचारलं. "नाव घेणारं कोणी असलं तर माणूस असा उठून जात नाही."

"घेईन, रोज चार वाजता. तू जा वं घरी. एक दिवस चुकायचा नाही," सुमतीबाई म्हणाल्या.

पंधरा दिवस नाव घेतलं गेलं. सोळाव्या दिवशी, सोमवारी, बाबाराव दवाखान्यातून आले ते मान खाली घालून. चंद्रभान गेला, म्हणाले. सात नंबरच्या खाटेवर डोक्यापर्यंत चादर ओढलेली होती, आणि खाली आवारात चार माणसं तिरडी बांधत होती. गावचे लोक वेळेवर पोचले म्हणायचे. बाबारावांनी चिठ्ठी काढून शेगडीत टाकली आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे भागीरथेला सांत्वनाचं कार्ड लिहिलं. सुमतीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

चिठ्ठीची राख झाली, पण माझ्या तळावरचं वजन तसंच राहिलं. मंगळवारी नावं घेतली गेली, त्यांत चंद्रभानचं नव्हतं. वजन कोपऱ्यात तसंच बसून होतं, आणि मी एक लाकूड, कोणाला काय सांगणार?

बुधवारी चार वाजता सुमतीबाईंनी शेवटची चिठ्ठी वाचून खाली ठेवली. हात रिकामा होता. आणि त्यांच्याच तोंडून, पण आमच्या ओळखीच्या नसलेल्या बारीक आवाजात, नाव आलं, "चंद्रभान."

खोलीत कोणी "प्रभू, सांभाळ" म्हटलं नाही. बाबाराव हळूच म्हणाले, की बाई, तो गेला. सुमतीबाई स्वतःच चपापल्या होत्या. तोंडात बसलेलं नाव, येतं कधी चुकून, असं म्हणून त्यांनी वेळ निभावली. पण गुरुवारी तेच झालं. या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतलेले मी पाहिले, तरीही नाव आलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या सरळ बाबारावांकडे वळल्या.

"चेहरा पाहिला होता तुम्ही त्याचा?"

बाबारावांनी शेगडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. माझी बायको गेली तेव्हापासून मी कोणाचाच चेहरा पाहिला नाही, बाई. चादर दिसली की मी परत फिरतो. सहा वर्षं झाली."

सुमतीबाई चप्पल न घालताच धावल्या. तासाभरानं आल्या त्या भिंतीला धरून खाली बसल्या. चंद्रभान जिवंत होता. सोमवारी सकाळी त्याला मागच्या बाजूच्या खोलीत हलवलं होतं. सात नंबरवर मेला तो दुसराच, आणि तिरडी त्याच्या माणसांची. तीन दिवस चंद्रभानजवळ आपलं म्हणावं असं कोणी फिरकलं नव्हतं. तिथली नर्स सांगत होती, की पोरगा एरवी मढ्यासारखा पडून असतो, पण काल आणि आज चारच्या सुमाराला त्यानं डोळे उघडले आणि कोणी हाक मारावी तसं दाराकडे पाहिलं.

पण कार्ड तर गेलं होतं. एव्हाना ती ओली बाळंतीण असणार, आणि तिच्या हातात नवरा मेल्याचं कार्ड! बाबाराव शुक्रवारी पहिल्या मोटारीनं तिच्या गावी निघाले. परतले ते संध्याकाळी, आणि जे घडलं ते त्यांनी माझ्याशेजारी बसून सांगितलं.

भागीरथा बाळाला मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या. बाबारावांना वाटलं, देवाची कृपा, कार्ड पोचलं नाही. त्यांनी तिचे पायच धरले आणि सगळं सांगितलं. ती मुळीच दचकली नाही. तिनं बाळाच्या दुपट्याखालून कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"बुधवारीच आलं हे," ती म्हणाली. "पोस्टमननं वाचून दाखवलं. मी त्याले म्हटलं, कोणाले सांगू नको गा. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून माह्या बांगड्या फोडल्या असत्या. म्हटलं, आता तिकडं बाई नाव घेणार नाहीत. मग कोणीतरी घ्याले पाह्यजे ना? म्हणून चार वाजता इथूनच मी घेऊन राहिली."

सुमतीबाईंनी हे ऐकलं आणि आपल्या गळ्यावर हात ठेवला. तो आवाज कोणाचा, हे मग कोणी विचारलं नाही. चंद्रभान दिवाळीच्या आत एका पायानं लंगडत घरी गेला, स्वतःची नवी चिठ्ठी खिशात घालून.

गोष्ट इथे संपली असती तर मीही सुखानं वाळवीच्या हवाली झाले असते. पण मित्रांनो, बाबारावांनी सहा वर्षं म्हटलं तेव्हा माझा तळ कण्हला. त्या वर्षांत त्यांनी जाळलेल्या चिठ्ठ्यांपैकी अकरांचं वजन माझ्यावरून उतरलंच नव्हतं. चंद्रभानच्या आधी मी समजत होते, दमट हवेनं फळी फुगली असेल. ती अकरा माणसं तेव्हा जिवंत होती, कुठल्या तरी मागच्या खोलीत, आणि त्यांचं नाव घेणारी बाई त्यांच्या घरी नव्हती. मला सांगता आलं नाही, कोणी त्यांना शोधलं नाही, आणि मग एकेक करून ती वजनंही हलकी झाली. शेवटचं १९७९च्या थंडीत गेलं.

आता मंडळ नाही, सुमतीबाईही नाहीत. मला पुसा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. तुमच्या ओळखीचं कोणी दवाखान्यात पडलं असेल, तर आज चारच्या आत जा, चादर बाजूला करा आणि नावानं हाक मारा. तो बघेल तुमच्याकडे.