आत्याबाईची संध्याकाळची सुई

अकोल्याच्या दवाखान्यातून माह्या सासूले रिसोडले घरी आणलं, त्याले आठ दिवस झाले होते. मी तिले आत्याबाई म्हणो. साखरेचा आजार, सुई आता जन्मभराची. सिस्टरनं मले संत्र्यात सुई टोचून शिकवलं होतं. "संत्रं वरडत नाही भागीरथीबाई, माणूस वरडते," म्हणे. हसली मेली! तिले काय जाते हसाले? साऱ्या गल्लीत मी जिभेची तिखट, पण सुई हाती घेतली का आधी देवाचा धावा करो.

सिस्टरनं बजावलं होतं, सुई टोचली का अर्ध्या घंट्यात जेवण. घाम सुटला, हात कापले, का लगेच तोंडात साखर. नाही तं माणूस झोपते अन् उठतच नाही.

आमी जैन. दिवस बुडाला का आत्याबाईच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. चाळीस वर्षांचा नेम. म्हणून सुई मी ऊन असतानीच टोचो. त्या दिवशीही टोचली, ताट वाढाले गेली, अन् येऊन पाहते तं म्हातारी सामायिकले, म्हणजे ध्यानाले, बसलेली! वाळूचं घड्याळ उलटं केलेलं. आता अठ्ठेचाळीस मिनिटं बोलणं नाही, उठणं नाही.

उठवू का? पण सामायिकात हाक मारली म्हणून थोरल्या जावेनं वर्षभर बोलणी खाल्ली होती. मी भेली. ताट झाकून उंबऱ्यात बसली अन् वाळू पाहत राह्यली. आग लागो माह्या भित्रेपणाले!

वाळू सरली, आत्याबाई उठल्या नाही. आंगणातलं ऊन गेलं होतं. जवळ जाऊन पाहते तं लुगडं घामानं ओलं, हात थरथर कापून राह्यले.

"आत्याबाई, जेवा ना."

"दिवस बुडाला," त्या पुटपुटल्या अन् एका अंगावर कलंडल्या.

मालक मालेगावले गेलेले, घरात मी एकटी. साखर देऊ तं चाळीस वर्षांचा नेम माह्या हातानं मोडते. नाही देऊ तं म्हातारी जाते, अन् सुई तं मीच टोचली होती.

साखरेचा डबा उघडला. "देवा, हे पाप माह्या नावानं लिही," म्हटलं अन् ओल्या बोटानं साखर त्यायच्या हिरडीले चोळली. दात आवळलेले. पुन्हा चोळली. मी रडून राह्यली अन् शिव्याही देऊन राह्यली, सिस्टरले, वाळूले, सोताले.

लय वेळानं डोळे उघडले. त्यायनं ओठावरून जीभ फिरवली. गोड लागलं, तसं त्यायले सारं समजलं. मी मान खाली घातली. आता ही मले घराबाहेर काढते, हे पक्कं.

त्यायनं माह्यं मनगट घट्ट धरलं.

"डबा कुठी हाय?"

"हा काय, इथंच."

"आणखी दे वं पोरी. मले मराचं लय भेव लागते."