दारावरचा डहाळा

खाडीकाठच्या त्या गावात माणसं मरत होती, आणि आजारी मात्र कुणीच नव्हतं.

दिवा स्टेशनाच्या पलीकडे मिठागरांच्या बांधाला धरून वसलेलं हे गाव. एकावन्न सालच्या फाल्गुनात तिथं देवीची साथ शिरली. कुठल्याही घरी विचारा, 'उन्हाचा ताप आहे', नाहीतर 'पोट बिघडलंय' एवढंच उत्तर मिळायचं. मग काही दिवसांनी त्याच घरातून एखादं पोर फडक्यात गुंडाळून बाहेर निघायचं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही या गावाची जुनी खोड होतीच. पण यावेळी झाकायला कारणही होतं. मिठागराच्या मुकादमानं दवंडी दिल्यासारखं सांगून ठेवलं होतं, की ज्या घरात देवी निघतील त्या घरच्या माणसानं आगरात पाय ठेवायचा नाही. त्याच्या जागी दुसरा उभा राहील, आणि गेलेली जागा परत मागायची नाही. मीठ पिकायचे ऐन दिवस ते. पावसाळ्यात चूल पेटायची ती याच दिवसांच्या कामावर. देवी आल्या की दारावर कडुलिंबाचा डहाळा लावायचा, म्हणजे येणारा बाहेरूनच मागं फिरतो, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. पण डहाळा लावला की मुकादमाला दिसणार. मग कोण लावतोय!

सगुणा याच गावची सून. तिचा नवरा मारुती मिठागरात होता. तिला चार वर्षांची एकच मुलगी, रतन. महिन्यापूर्वी देवीची लस टोचणारा सरकारी माणूस आला तेव्हा सासूनं, रंगूबाईनं, नातीला मिठाच्या कोठारात लपवलं होतं. टोचण्याची भीती नव्हती तिला. टोचलं की पोराला ताप येतो, दंडावर फोड येतो. मुकादमानं तो बघितला आणि त्याला देवीच वाटल्या तर? एवढ्या धास्तीपायी अर्ध्या गावानं पोरं लपवली. शहाणपण किती वाकड्या वाटेनं चालतं बघा.

आणि एका सकाळी रतनचं कपाळ चटका बसावा असं तापलं.

रंगूबाईनं दार लोटून घेतलं. "हिला घेऊन माहेरी जा," ती हळूच म्हणाली. "तिकडं काय झालं तर हिकडं कुणाला कळत नाय."

"आनि तिकडं कुणाला झालं तर, आत्याबाई?"

"तुजी पोर जगवायची का नाय तुला?"

इथं रतनला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवावं लागलं असतं. शेजारच्या शकूनं आपलं धाकटं पोर तसंच कोंडलं होतं आणि तसंच घालवलं होतं. सगुणा निघाली.

तिचं माहेर टिटवाळ्याहून पुढं, काळू नदीच्या काठी. वेशीवर चिंचेखाली काळुबाबा बसले होते. गावचे जुने माणूस, काळुराम. सगुणाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. साथ आल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं काम गावानं त्यांच्याकडे दिलं होतं. हातात काठी नव्हती की काही नव्हतं.

"आलीस पोरी? घरात कुणाला ताप हाय?"

"नाय बाबा."

"आनि हिचं तोंड असं लाल?"

"उन्हातनं आलीय, म्हणून."

"जा, सावलीला ने तिला," काळुबाबा म्हणाले. त्यांनी रतनच्या कपाळाला हातसुद्धा लावून पाहिला नाही. गावची लेक म्हणते म्हणजे तसंच असणार.

भावाच्या घरी सगुणाचे लाडकोड झाले. सहदेवदादानं रतनला उचलून घेतलं. शालूवहिनीनं आपलं तान्हं आणून नणंदेच्या मांडीवर ठेवलं. सुधीर त्याचं नाव. नुकतंच बारसं झालेलं. लग्नाला नऊ वर्षं होऊन, नवस करकरून झालेलं पोर. सगुणानं त्याला घेतलं. नाही म्हणायला काय सांगणार होती ती?

दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना तिला दोन घरांच्या दारांवर डहाळे दिसले, उघड्यावर, कुणीही बघावेत असे. अंगणाच्या कडेला पाण्याचे हंडे आणि भाकऱ्यांची टोपली ठेवलेली. गावचे गडी त्याच घराच्या शेतात राब भाजत होते, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा रचून पेटवत होते.

"ह्यांचं काम तुमी करता?" तिनं भावाला विचारलं.

"सावड हाय ना गं. आज आमी त्यांचं करायचं, उद्या ते आमचं. तो घरात अडकला म्हणून त्याची पाळी बुडते काय?" सहदेव हसला. "उलट डहाळा लावला म्हणूनच आमाला कळलं."

इतकं सोपं! सगुणाला रडूच आलं. त्याच वेळी सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सासरच्या सहा वर्षांनी तिला झाकली मूठ सव्वा लाखाची असं शिकवून ठेवलं होतं, आणि ती मूठ आता उघडेना. रतनच्या तोंडावर लाल ठिपके आले तेव्हा ती म्हणाली, घामोळं आहे. दोन दिवस तिनं पोरीला गोधडीखाली झाकून ठेवलं. ठिपक्यांचे फोड झाले. तिसऱ्या दिवशी शालूवहिनी, "बघू तरी गं," म्हणत सुधीरला काखेत घेऊन वाकली, आणि सगुणा किंचाळली, "हात लावू नको वैनी! देवी हायत त्या!"

शालू तशीच मागं सरली. परसातल्या लिंबाचा डहाळा मोडून सहदेवनं दाराला बांधला आणि अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला, "माज्या घरात देवी आल्यात! कुणी येऊ नका!"

त्या दिवसापासून अंगणाच्या कडेला हंडे येऊ लागले. भाकऱ्या येऊ लागल्या, त्यांत सगुणाची आणि रतनची भाकरी कुणी वगळली नाही. टोचणाऱ्याला बोलावून आणलं. शेजारच्या सगळ्या घरांनी दंड पुढं केले. सुधीरलाही टोचलं. पण तोवर उशीर झाला होता; दहा-बारा दिवसांत त्याच्याही अंगावर फोड उठले.

सुधीर गेला त्या सकाळी सहदेवनं त्याला एकट्यानंच परसात नेऊन पुरलं. गाव बांधापलीकडे उभं होतं. नंतर त्याच गड्यांनी जाऊन सहदेवचा राब भाजला, आणि धूर दिवसभर घरावर येत राहिला. सगुणा वाट बघत होती, की वहिनी आता अंगावर धावून येईल, झिंज्या उपटेल. शालू चुलीपुढं बसून होती.

"टोचणारा बोलला," ती चुलीकडे बघतच म्हणाली, "दोन-तीन दिस आधी कळलं असतं तर वाचला असता कदाचित."

एवढंच. सगुणाला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

गावात आणखी कुणाला देवी आल्या नाहीत. रतनच्या खपल्या पडल्या, तोंडावर वण राहिले, पण पोर जगली. सहदेवनं बहिणीला वेशीपर्यंत सोडलं. चिंचेखाली काळुबाबा होतेच. ती पाया पडली.

"मी विचारलं होतं गं तुला," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि तोच तिला सासरपर्यंत ऐकू येत राहिला.

सासरी भरदुपारी दार बंद होतं. रंगूबाईनं फट करून दोघींना आत ओढलं. आतल्या खोलीत मारुती पडला होता, अंगभर फोडांनी भरलेला.

"बोलू नको कुटं," रंगूबाई कुजबुजली. "इठ्ठलवाडीला पावन्यांकडं गेलाय म्हणून सांगितलंय मुकादमाला. जागा अजून हाय."

सगुणानं नवऱ्याच्या तोंडाला पाणी लावलं. मग कोयता घेतला आणि दार सताड उघडून ती बाहेर पडली. विहिरीजवळ लिंब होता. पाणी भरणाऱ्या बायका बघत राहिल्या. रंगूबाई मागून धावत आली, "जागा जाईल गं! खायाचं काय मग?"

"माज्या भावाचं पोर गेलं, आत्याबाई," सगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला होता, सगळ्यांना ऐकू जात होता. "आपन झाकलं म्हणून गेलं. माज्या घरात देवी आल्यात! कुणी येऊ नका!"

मुकादमाच्या घरची बाई हंडा तसाच टाकून लगबगीनं निघाली. कुठं, ते सांगायला नको होतं. सगुणानं एक डहाळा तोडला. आता उद्यापासून घरात काय शिजणार, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती वळली तेव्हा शकू जवळ येऊन उभी राहिली होती. पदर तोंडाशी धरलेला.

"सगुणा," ती म्हणाली, "माजा थोरला पन आत निजलाय. माज्यासाटी बी एक तोड."