ओवलेली सुई

चहाची धार कपात न पडता बशीत पडली, मग ओट्यावर.

"हात हाय का फावडं," तुळजाबाई म्हणाली. "दुपारी राजूरचे पाव्हणे तुला बघायला येऊन राह्यलेत. त्यांच्या म्होरं सांडू नको. अन् ही घे, ओवलेली सुई. पदरात ठिव. ओवायला सांगितली की पाठ वळवून बदल."

अर्पितानं ओटा पुसला. पायरी चुकली, भाकर ताटाबाहेर पडली, तरी कुंभार पिंपळगावातल्या त्या घरात तिला एकच शब्द मिळे : धांदरट. तिचा डावा डोळा नाकाकडे कललेला. त्याचं मात्र तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पाळण्यात आईनं त्याच्यावर ओवी रचली होती.

माझ्या लेकीचे गं डोळे, दोन वाटांचे पाहुणे
एक माहेरी राहिला, एक सासरी जाऊ म्हणे

"असा डोळा नशिबाचा," वडील रखमाजी सगळ्यांना सांगत.

तेवढ्यात गावच्या आशा सेविका द्वारकाबाई अर्पिताच्या भावाच्या पाच वर्षांच्या लेकीला, प्रीतीला, अंगणवाडीतून घेऊन आल्या. प्रीतीचाही डोळा तसाच. "तपासणी झाली. जालन्याला दाखवा, हा महिना ओलांडू नका," म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. अर्पितानं घडी उघडली, तोच आई चुलीपासून म्हणाली, "चांगला डोळा झाकायला सांगितलं असंल. ठिव डब्याखाली."

अर्पितानं मान वर केली. आईला अक्षर येत नव्हतं, आणि चिठ्ठी अजून कुणी वाचली नव्हती.

"तुला काय ठावं, आई?"

तुळजाबाईनं लाकूड आत सारलं. "तू दुसरीत व्हतीस तवा आल्ती अशीच. तुझ्या बापानं वाचली."

"मंग?"

"मंग काय? पट्टी लावून शाळंत धाडली असती तर गावानं काणी म्हणलं असतं. तुला कुणी केली असती?"

अर्पिता द्वारकाबाईंकडे वळली. "काकू, पट्टी न लावल्यानं काय झालं माझं?"

द्वारकाबाई उंबऱ्याशी टेकल्या. "दोन डोळे दोन ठिकाणी बघायले की मेंदूला दोन चित्रं येतात, बाई. लहान लेकराचा मेंदू मंग एका डोळ्याचं ऐकणंच सोडतो. चांगला झाकला की दुसऱ्याचं ऐकावं लागतं. लहानपणी ते जमतं. अन् दोन्ही डोळे संगं बघत न्हाईत तर कप किती लांब, ते बराबर कळत न्हाई."

"मंजी मी धांदरट न्हाई."

"बिलकुल न्हाई."

"अन् आता?"

"डोळा सरळ करता येईल. नजर किती येईल, ते मी खोटं सांगणार न्हाई."

अर्पितानं उजवा डोळा तळहातानं झाकला. आईचं तोंड विरघळलं. लुगड्याचा निळा डाग तेवढा उरला. त्या डागानंच ओवी गायली होती, आणि चिठ्ठीही दडवली होती.

दुपारी मुलाच्या आत्यानं सुई-दोरा पुढे केला. अर्पितानं पदरातली सुई काढून त्या सुईशेजारी ठेवली.

"ही आईनं ओवून दिली. तुमची मला ओवता येत न्हाई, आत्या. डाव्या डोळ्यानं मला तुमचं तोंड दिसत न्हाई. लहानपणी इलाज व्हता, घरानं दडवला. तुमाला फसवून मी येणार न्हाई."

पोहे तसेच राहिले. पाहुणे गेल्यावर रखमाजी म्हणाले, "चारचौघांत नाक कापलंस."

"नाक परत येईल, बाबा. डोळा गेला."

दुसऱ्या आठवड्यात तीच प्रीतीला जालन्याला घेऊन गेली. चष्मा लागला, उजव्या डोळ्यावर पट्टी आली. घरी आल्यावर पोर रडू लागली तशी तुळजाबाईनं तिला मांडीवर घेतलं, ओवी सुरू केली.

"आजी," प्रीती मध्येच म्हणाली, "तुला तोंडच न्हाई."

ओवी थांबली.

"रोज बघत राह्य," अर्पिता म्हणाली. "दिसंल तुला."

तुळजाबाईच्या ओठांवर एक प्रश्न आला : तुलाबी असंच दिसत व्हतं का? तिनं तो विचारला नाही. समोर लेक खाली वाकून सांडलेला चहा पुसत होती.